गांडुळांचं जेवण

१ तारीख, रविवार.
नात झाकणाचा डबा देऊन गेली. आत माती अन् शंभर गांडुळं. म्हणाली, आजी, सालं-देठं यात टाक, खत होईल. दोन मुठी पुरे, शिजवलेलं मुळीच नको. पुढच्या रविवारी बघायला येते, जेवायलाच येते. मी म्हटलं, ये गं बाई. आजपासून या घरात कणसुद्धा वाया जाणार नाही!

३ तारीख.
एकटीची सालं ती किती? एका बटाट्याचं साल शंभर जणांत म्हणजे दर्यात खसखस. म्हणून किलोभर सोलले. सोललेले काळे पडतात, म्हणून भाजी केली. चौघांना पुरेल. याला वाया घालवणं म्हणत नाहीत, प्लॅनिंग म्हणतात.

५ तारीख, दुपारी २.
भाजी उरली. चार चमचे डब्यात घातली. शिळी नाही हं, गरम करून. आमच्या ह्यांनाही डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं, तरी मी चिमूटभर घालायचेच. कसं तेज यायचं तोंडावर! (गेले ते दुसऱ्या कारणानं.) चार वाजता पाहिलं तर निम्मी भाजी दिसेना. किती वर्षांनी माझ्या हातचं कुणी मिटक्या मारत खाल्लं!

६ तारीख.
खालची शिंपीण नाक धरूनच वर आली. भाजी घातल्याचं सांगितलं, तर काकू, मीठ-तेलानं मरतील हो बिचारी, म्हणे. म्हटलं, तू तुझी बटणं लाव. झाकण उघडलं तर सगळी काठावर चढलेली. माया लागलीय त्यांना.

७ तारीख, सकाळी.
ओट्याखाली अकरा सापडली, सगळी दाराच्या दिशेनं. फिरायला निघाली असतील. उचलून परत घातली. उद्याची भाजी आजच चिरून ठेवली. नातीला आवडतो तसा मोकळा भातही करीन.

८ तारीख, रविवार.
आली. झाकण उघडून बोटानं माती उकरली. मग म्हणाली, आजी, पाच-सहाच उरलीत गं. शिजवलेलं घातलंस ना? म्हटलं, चवीपुरतं. रागावली नाही, तेच लागलं जरा. डबा घेऊन गेली, मैत्रिणीकडे जगतील म्हणे. ताट वाढलं होतं. पण ती जेवून आली होती, आणि खाली गाडी थांबलेली.
असो. नियम मोडला नाही, काही वाया जाणार नाही. तिच्या वाटचं मला बुधवारपर्यंत पुरेल.