कोब्याखालचा एल्बो

बाबा, तुम्ही ओट्यावर घातलेला कोबा मी फोडला. तीन रविवार लागले. सिमेंट तुम्ही सढळ हाताने वापरलं होतंत, त्यामुळे तो फुटता फुटत नव्हता. छिन्नी तुमचीच घेतली. आई दारात उभी राहून म्हणाली, "गेलेल्या माणसाचं काय उकरून काढतेस गं?" मी म्हटलं, "माणसाचं नाही, कोबा उकरतेय." ती आत गेली आणि तिने कुकर लावला. तुम्ही गेलात तेव्हा मी पंधरा वर्षांची होते, आता एकोणतीस आहे. जुन्या इमारतींमध्ये पाणी कुठून झिरपतं ते शोधण्याचं काम करते. भिंतीला मीटर लावते, रंगीत पाणी सोडते, वाट बघते, मग अहवाल लिहिते. अहवालात विशेषणं चालत नाहीत. इथेही ती कमीत कमी वापरीन.

चारकोपच्या आपल्या रांगेत प्रत्येक घराला दारापुढे दहा बाय सहाचा ओटा आहे. बहुतेकांनी वर पत्रे टाकून तो आत घेतला. कुणी त्यात स्वयंपाकघर केलं, कुणी शिलाई मशीन मांडलं. आपला उघडा राहिला, कारण पत्रे टाकायचं काम तुम्ही दर दिवाळीला पुढच्या दिवाळीवर ढकललंत. बारा वर्षांची असताना मी तिथे अकरा डबे मांडले होते, तेलाचे आणि रंगाचे. टोमॅटो, मिरच्या, अळू, अबोली, आणि शेजारच्या काकूंच्या भिंतीलगतच्या डब्यातून ग्रिलवर चढवलेला घेवडा. तुम्ही हसायचात. "डब्यात बिस्किटां ठेवतत गो, झाडां नाय." पण डब्यांच्या बुडाला भोकं तुम्हीच पाडून दिलीत, प्रत्येकी पाच, सारख्या अंतरावर. तुम्ही इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये फिटर होतात, वाकडं भोक तुमच्या हातून पडत नसे. रांगेत कुणाचाही नळ बिघडला तर प्लंबरच्या आधी तुम्हाला हाक यायची. तुम्ही पान्याने शेवटचा आटा आवळायचात आणि म्हणायचात, "फिटरच्या हातचो जॉइंट आसा, गळूचो नाय." मी टॉर्च धरून शेजारी उभी असायचे. मला ते वाक्य फार आवडायचं.

मग डिसेंबरातला तो रविवार. पाऊस संपून दोन महिने झालेले. काकू दारात येतात, हातात त्यांचा लग्नाचा शालू. भाच्याच्या लग्नाला नेसायचा म्हणून भिंतीतल्या कपाटातून काढला, तर घडीघडीला काळी बुरशी. भिंत ओली, कपाटाची मागची फळी फुगलेली. ती भिंत आपली आणि त्यांची एकच. अलीकडे आपला ओटा, पलीकडे त्यांचं कपाट. काकू रडत नव्हत्या, शालू फक्त पुढे धरून होत्या. तुम्ही एकदा शालूकडे बघितलंत, एकदा भिंतीकडे, आणि मग माझ्या डब्यांकडे. भिंतीला हात लावून पाहिला नाहीत. वाकून पाहिलं नाहीत. जो माणूस शेजाऱ्यांच्या मोरीत पोटावर आडवा होऊन गळती शोधायचा, तो स्वतःच्या ओट्यावर ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "ह्यां सगळा आत्ताच्या आत्ता उचल."

घेवडा तुम्ही स्वतः उपटलात. त्याला फुलं आली होती. बाकीचे डबे मी एकेक करून गल्लीच्या टोकाला नेऊन रिकामे केले, अकरा खेपा, आणि रांगेतल्या बायका दारांत उभ्या होत्या. शेवटी तुम्ही मला काकूंच्या पाया पडायला लावलंत. काकू म्हणाल्या, "राहू द्या हो, पोर आहे." तुम्ही म्हणालात, "नको, तिला कळूदे." काय कळायला हवं होतं ते तुम्हाला ठाऊक होतं का, हा माझा प्रश्न आहे. गेले दोन महिने मी त्याच्याच उत्तरावर काम करते आहे.

पुढच्या शनिवारी मला दहिसरला मावशीकडे पाठवलंत. सोमवारी परत आले तर ओट्यावर कोबा, वर ओली पोती. "आता हय झाड लागूचा नाय," म्हणालात. आणि कोब्यावर पाणी मारायचं काम मला दिलंत, सकाळ-संध्याकाळ, आठ दिवस. ज्या तांब्याने टोमॅटोला पाणी घालायचे, त्याच तांब्याने सिमेंटला घातलं. मी ते नीट केलं. मी सगळंच नीट करायचे.

काकूंनी तुम्हाला माफ केलं, मला नाही. पुढची कित्येक वर्षं मी कॉलेजातून येताना दिसले की त्या कुणालातरी सांगायच्या, "हीच ती, आमची भिंत पिणारी." हसत सांगायच्या, पण सांगायच्या. इंजिनिअरिंगला गेले तेव्हा म्हणाल्या, "बरं झालं, आता दुसऱ्यांच्या भिंती बुडव." तेव्हापासून मी घरात एक रोप ठेवलं नाही. ऑफिसात कुणी वाढदिवसाला मनीप्लांट दिला तर रिसेप्शनवर ठेवून यायचे.

या वर्षी ठरवलं की ओटा परत घ्यायचा. कुणाला विचारलं नाही, फक्त काकूंना सांगितलं, कारण भिंत एकच. त्या लगेच उसळल्या. "परत? अगं, एक शालू घालवलास, आता काय घर घालवतेस?"

"काकू, आधी फरशी उघडते. तुम्ही समोर बसा. पाणी कुठून आलं होतं ते दोघी बघू."

"मला काय बघायचंय? मी भोगलंय."

पण तिन्ही रविवारी त्या प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आल्या आणि बसल्या. मध्ये मध्ये सूचना. "अगं, जपून, माझ्या भिंतीला दणके नको." "मशीन का नाही आणत? इंजिनिअर ना तू?" पहिल्या रविवारी भुवया वर, तिसऱ्या रविवारी हातात माझ्यासाठी चहा.

तिसऱ्या रविवारी, अकराच्या सुमारास, भिंतीपासून वीतभर अंतरावर छिन्नी पोकळ वाजली. कोब्याखाली सगळीकडे जुन्या लाद्या होत्या, फक्त तिथे नव्हत्या. तीन लाद्या काढून खड्डा डबराने भरला होता. डबर काढला. खाली गल्लीतून घरात येणारा पाण्याचा पाइप, मी दुसरीत असताना तुम्हीच बदललेला. तो जिथे घराकडे वळतो तिथे एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, आणि एल्बोवर काळ्या रबराची पट्टी, तिच्यावर तांब्याच्या तारेचे वेढे. तारेचा पीळ उलटा होता. तुम्ही डावखुरे होतात.

मी छिन्नी बाजूला ठेवली. आई वाकली, पट्टीला बोट लावलं आणि म्हणाली, "ही तर सायकलची ट्यूब. तरीच कोबा घातला त्या थंडीत सायकल महिनाभर तशीच पडून होती. मी विचारलं तर म्हणाले, पंक्चर आहे." तिला आपण काय बोललो ते बोलून झाल्यावर कळलं. ती सरळ झाली आणि पदराला हात पुसत राहिली.

काकू खुर्चीतून उठल्या. "म्हणजे पाइप गळत होता? तुझ्या बाबांचा? त्यांनीच लावलेला?"

"हो."

"आणि ही पट्टी?"

"झाडं काढल्यावरची. वर कोबा आहे ना, काकू. कोब्याच्या आधी आणि शालूच्या नंतर."

काकू खड्ड्यावर वाकल्या. मग म्हणाल्या, "आणि तुला माझ्या पाया पडायला लावलं गं मेल्याने." चौदा वर्षांत या रांगेत तुम्हाला पहिल्यांदा कुणी तसं म्हटलं. मला बरं वाटलं. ते किती बरं वाटलं हे मोजायचं उपकरण माझ्याकडे नाही.

मी समजत होते की कोबा ही मला दिलेली शिक्षा आहे. ती तरी माझ्यासाठी होती असं मानता आलं असतं. ते तुमच्या जॉइंटवरचं झाकण होतं. बहुधा त्याच आठवड्यात तुम्हाला कळलं असणार. पाणी यायच्या वेळी कान लावला असेल, तुम्हाला तेवढं पुरायचं. त्यानंतर तुम्ही तीन वर्षं जगलात. हजारभर सकाळी मी तुमच्यासमोर चहा घेतला. एका सकाळी म्हणता आलं असतं, "बाय, तुझी झाडां नव्हती ती." पाच शब्द लागले असते. फिटरचा जॉइंट गळाला हे रांगेला कळण्यापेक्षा मुलगी भिंत पिणारी ठरली हे तुम्हाला परवडलं.

म्हणून मी तो एल्बो दोन्ही बाजूंनी वीतभर पाइप ठेवून कापला, पट्टी आणि तार तशीच ठेवली, आणि ओट्याच्या दर्शनी भिंतीला क्लॅम्पने बसवला, नजरेच्या उंचीवर. त्यावर वेल चढवणार नाही. येणारा-जाणारा विचारतो, "हे काय गं?" मी सांगते. एका वाक्यात सांगते, विशेषणाशिवाय. परवापरवापर्यंत रांगेत कुणाचा नळ गळला की लोक म्हणायचे, "तिचे बाबा हवे होते." आता म्हणताना थांबतात. काकू तर माझ्या आधीच सांगून टाकतात, आणि शालूचं वर्णन दर वेळी वाढतं. तुमचा फोटो आत आहे, हारासकट. तो आईचा आहे, त्याला मी हात लावलेला नाही. बाहेरचा एल्बो माझा.

बाग लागली आहे. नवा पाइप भिंतीवरून उघडा नेला, गळला तर सगळ्यांना दिसेल असा. फरशीवर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, चोवीस तास पाणी भरून चाचणी, मग विटांचे तुकडे, जाळीचं कापड, माती. समोरच्या घरांमुळे ऊन साडेतीन तासच मिळतं, तेही गल्लीकडच्या कडेला. तिथे मिरच्या आणि टोमॅटो. सावलीत अळू, पुदिना, गवती चहा. अबोलीला परवा कळ्या धरल्या. घेवडा काकूंच्या ग्रिलवर गेला आहे आणि त्या शेंगा मला न विचारता तोडतात. आई सकाळी पाणी घालते आणि त्या एल्बोकडे पाठ करून उभी राहते.

एक गोष्ट राहिली. जुन्या लाद्या उघड्या पडल्या तेव्हा सवयीने मी त्यांचा उतार तपासला. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकं धरायची, एवढंच काम. उतार गल्लीच्या गटाराकडे असायला हवा होता. तो काकूंच्या भिंतीकडे निघाला, सहा फुटांत दोन बोटं. माझ्या अकरा डब्यांखाली ताटल्या नव्हत्या, आणि मी दिवसातून दोनदा, डबे भरून वाहतील इतकं पाणी घालायचे. ते सगळं त्या कोपऱ्यात जात होतं. भिंतीतलं पाणी किती तुमच्या पाइपचं आणि किती माझं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही; दुसऱ्या कुणाचा अहवाल असता तर दोन्ही कारणं लिहिली असती. मी पुन्हा एकदा नळी धरून बघितली. तेच आलं. काकू चहाचे कप विसळायला घरी गेल्या होत्या. त्या परत येईपर्यंत मी लाद्या उखडल्या, तुकडे करून गोणीत भरले आणि नव्या उताराची दोरी बांधली. "एवढी घाई कसली गं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "ऊन वाढतंय."

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही ते कुणाला सांगू शकत नाही.