भाभीचा डावा खांदा

१२ नोव्हेंबर
लेकीला, रिद्धीला, तिरंदाजीला सोडायला रोज सकाळी ओतूरला कॉलेजच्या मैदानावर जाते आणि गाडीत बसून जांभया देते. आज तिची कोच सुनीता म्हणाली, "भाभी, नुसत्या बसून काय करता? धरून तर बघा." शिकाऊ मुलांचं हलकं धनुष्य दिलं. ओढलं, सोडलं. बाण गवतात, दोरी सपकन डाव्या हातावर. डोळ्यांत पाणी. तरी म्हटलं, अजून एक दे.

१४ नोव्हें.
हात निळाजांभळा. पोळ्या लाटताना सासूबाईंनी पाहिला. मला काही विचारलं नाही. थेट आमच्या कापडाच्या दुकानात गेल्या, मी मागोमाग, आणि गिऱ्हाइकांसमोर ह्यांना, "सुनेवर हात उचलतोस?" हे साडीची घडी धरून तसेच उभे! हसून हसून पोट दुखलं. खरं सांगितलं तर वेगळीच काळजी. "बाण? आपल्या जैनांत? जीव मरतो गं." म्हटलं, आई, पेंढ्याच्या गोलावर मारतो. "त्यात मुंगी असली तर?"
आता रोज आधी पेंढा झटकते.

१९ नोव्हें.
रिद्धी रुसलीय. "मम्मी, माझ्या मैत्रिणी असतात तिथे. तुझे बाण शोधायला सगळ्यांना थांबावं लागतं." खरंय. उद्या जावं की...

२० नोव्हें.
गेलेच. अगदी कडेची जागा घेतली.
सुनीताला दोष सापडला. धनुष्य उचललं की माझा डावा खांदा कानाला भेटायला जातो. "वरच्या फळीवरनं तागा काढताय व्हय?" अगदी तेच! लग्न झाल्यापासून दुकानात तेच तर करतेय. "खांदा आधी खाली सोडा, मग हात उचला. कोपर जरा बाहेर फिरवा, म्हंजी दोरी लागायची न्हाई. आन् तोंड दोरीकडं न्यायचं न्हाई. दोरी तोंडाकडं आली पायजे."
दुपारी दुकानातल्या आरशासमोर सराव. एक गिऱ्हाईक बाई: "भाभी, ब्लाउज काखेत घट्ट झालंय का?"

३० नोव्हें.
आज जमलं!! सुनीता पाठीवर बोट ठेवून म्हणाली, "हातानं लई ओढताय. खांद्यामागची दोन्ही पाती एकमेकांकडं न्या." नेली. एकदम धनुष्य हलकं. दोन्ही खांदे एका रेषेत, मान मोकळी. सोडला. मधल्या पिवळ्यात! मी किंचाळले. मैदानभर टाळ्या. रिद्धी बुटाची नाडी बांधत बसली.

७ डिसें.
सुनीतानं न विचारता पेठ गावच्या स्पर्धेत माझं नाव दिलं. महिला खुला गट. म्हणजे रिद्धी आणि मी एकाच रांगेत. रिद्धी जेवली नाही नीट. हे म्हणाले, "पुढच्या रविवारी दुकान मी बघतो, तू जा." मी रिद्धीला म्हटलं, तुला नको असेल तर नाव काढते. "काढू नको," म्हणाली. पण माझ्याकडे न बघता.

१४ डिसें., पेठहून आल्यावर
हायवेच्या कडेचं शाळेचं मैदान. रंगीत टी-शर्टातल्या पोरी, त्यांच्यात मी एकटी पंजाबी ड्रेसवाली. पहिले बाण कुठे गेले देव जाणे. लोक बघतायत म्हटल्यावर खांदा पुन्हा वर. वर म्हणजे किती वर! वाटलं, धनुष्य ठेवावं आणि गाडीत जाऊन बसावं.
बाण काढून परत येताना मागून खांद्यावर हात. मला वाटलं सुनीता. रिद्धी होती.
"मम्मी, ह्याला खाली सोड. श्वास सोडतेस ना, त्याच्याबरोबर."
"तुझ्या मैत्रिणी बघतायत."
"बघू देत. आधी खांदा."
सोडला. नंतरचे बाण सगळे गोलात. एक पिवळ्याच्या अगदी कडेला! रिद्धी तिसरी आली. माझा नंबर खालून शोधायला सोपा. झाडाखाली खाकरे खाल्ले. रिद्धीनं मैत्रिणींना सांगितलं, "ही माझी मम्मी. सुरुवातीला फार ताणते."

१६ डिसें.
सासूबाईंना रिद्धीचं पदक दाखवलं. त्यांनी आधी मुंग्यांचं विचारलं, मग पदक देवघरात ठेवलं.
सुनीता म्हणतेय, पुढं जोडीची स्पर्धा आहे, मायलेकींनी उतरा. माझं धनुष्य मात्र जड घ्यावं लागेल. संध्याकाळी रिद्धीला विचारलं.
"जड धनुष्याला खांदा खाली राहील तुझा?"
"राहील."
"नक्की?"
"...बहुतेक."
हसली. "बघू," म्हणाली.