दूध पचवायची ट्रेनिंग

१२ जानेवारी १९८६, रविवार. सौंसर
कवडूमामा आले. रामाकोन्याच्या भगवंतरावांची मुलगी सांगून आली आहे. नागपूरची बी.एस्सी. घरी म्हशीच म्हशी. बघायला आलेल्या मुलाला भगवंतराव स्वतःच्या हातानं लोटाभर दूध देतात म्हणे.
मला दूध पचत नाही. हे मामांना सांगितलं नाही. जाण्याआधी पचवायला शिकायचं. मी हायर सेकंडरीत बायोलॉजी शिकवतो. पोट माझ्याच डिपार्टमेंटमध्ये येते.

१४ जानेवारी
उपाय सापडला, तोही शिकवता शिकवता! ई. कोलाय जीवाणूला ग्लुकोज आणि दुधातली साखर, दोन्ही दिली तर तो आधी ग्लुकोजच खातो. दुधाची साखर तोडणारं एन्झाइम बनवायच्या भानगडीत पडत नाही. त्या जीनवर एक प्रोटीन कुलूप होऊन बसलेलं असते. ग्लुकोज संपलं की वाढ थांबते. थोडा उपास. मग दुधाची साखर कुलूप काढते, जीन चालू, आणि गडी तीच साखर मजेत खातो.
डोळ्याला न दिसणारा जीव हे करून राहिला, मी तर एम.एस्सी. आहो.
उद्यापासून साखर, गूळ, संत्री बंद. फक्त दूध.

१५ जानेवारी
सकाळी एक पेला. बारावीचा पिरियड अर्धवट सोडून घरी पळालो. हा उपासाचा टप्पा. पुस्तकात आहे.

१९ जानेवारी
पोटात सारखी गुडगुड. जीन जागे होऊन राहिले. शेजारच्या कलाबाईंनी विचारलं, "गुरुजी, मोटर बसवली का जी?" सामान्य लोकांना संशोधन कळत नाही.

२३ जानेवारी
पांढुर्ण्याहून सुखदेव संत्र्याची टोपली घेऊन आला. माझा जुना मित्र. एकच खायचं ठरवलं. टोपली संपली. ग्लुकोज मिळालं की जीन परत बंद. म्हणजे पहिल्यापासून सुरुवात. सुखदेवला काही शिस्त नाही.

३० जानेवारी
पेलाभर दूध पचलं!! शाळेत पेढे वाटणार होतो. कलाबाई म्हणाल्या, आज गवळ्यानं पाणीच आणलं होतं, मी आत्ताच त्याच्याशी भांडून आली. तरी दिशा बरोबर आहे.

२ फेब्रुवारी, सकाळ
आज रामाकोना. नवा सफारी. शरीर पूर्ण तयार.

२ फेब्रुवारी, संध्याकाळ
लोटा समोर आला. पिण्याआधी मी सगळ्यांना जीवाणू समजावला. कुलूप, ग्लुकोज, उपास, सगळं. खडू नव्हता म्हणून कुंकवानं फरशीवर आकृती काढली. मुलीची आई ओलं फडकं घेऊन आली.
मुलीनं शेवटी विचारलं, "साखर सोडल्यावर कुलूप निघते, हे जीवाणूचं झालं. माणसाचा तो जीन लहानपणानंतर मंदावते, तो दूध पिऊन परत चालू होत नाही. तुम्ही जीवाणू आहा का?"
मी म्हटलं, प्रश्न चांगला आहे, नंतर घेऊ. आणि लोटा एका दमात संपवला.
थोड्या वेळानं भगवंतरावांची संत्र्याची बाग आतून पाहिली. बराच वेळ पाहिली. बांधावरून भगवंतराव हाका मारून राहिले होते, "गुरुजी, पाणी आणू का?" परत आलो आणि राहिलेला भाग शिकवला. शेवटपर्यंत कोणी उठलं नाही. पकड बसली. होकार पक्का.

९ फेब्रुवारी
मामा आले. नकार.
मी म्हटलं, दुधामुळे ना? आणखी एक महिना मागा.
मामा भडकले. "दुधाचं काय घेऊन बसला तू? भगवंतरावले बी नाही पचत. कोरा चहा पेते तो. पाहुण्याचा मान म्हणून देते लोटा. पोरगी म्हणे, दुपारभर बोलले, माझं नाव नाही विचारलं."
मग मी मामांना विचारलं.
रजनी म्हणे.