थोरल्याची आई

तुला तवाच म्हटलं होतं, आये, आबाचं नाव घे म्हणून. एकदा घेतलं असतंस तर काही जीभ झडली नसती तुझी. सगळा गाव ज्या नावानं हाक मारतो, मेंढरांच्या बाजारात दलाल जे नाव ओरडून बोलवतात, ते तुझ्या तोंडातनं आलं असतं तर आभाळ कोसळणार नव्हतं. पण तू पदर पुढं ओढलास आणि हसलीस. त्या हसण्याचा राग माझ्या मनातनं अजून गेलेला नाही. तवा मला मिसरूडही फुटलं नव्हतं, आता मी दाढी करणारा बाप्या झालो. मुलूख सोडून मदुराईला सोनं-चांदी गाळायच्या भट्टीवर बसलो, तरी आपलं हे भांडण मिटत नाही. धातू वितळायची वाट बघत बसलो की मी तुझ्याशी तेच बोलत असतो. शेजारी बसणारा तासगावकडचा गडी विचारतो, "कुणासंगं बोलतोस रं?" मी म्हणतो, "भट्टीसंगं." तो म्हणतो, "मग तिला म्हणावं जरा लवकर पेट घे."

इथं यायच्या आधी मी सेलमला होतो, त्याच्या आधी आणखी कुठं. एका दुकानात माझं वर्षभर बूड टिकत नाही. तू म्हणायचीस, ह्याच्या पायाला भोवरा हाय, हे पोरगं मेंढरं राखत नाही, मेंढरंच ह्याला हुडकत फिरतात. खरंच होतं ते. पण त्या वर्षी मी कुठं गेलो नव्हतो, घरातच होतो. म्हणून मला सगळं माहीत आहे, आणि म्हणूनच आज हे कागदावर लिहायला बसलोय.

दुष्काळाचं वर्ष. आबा मेंढरं जगवायला खाली कृष्णाकाठी घेऊन गेला होता. मागं तू, मी आणि धाकटी. तू तलावाच्या सरकारी कामावर माती वाहत होतीस. पगार अडकला, मुकादम आज देतो उद्या देतो करायला लागला, तेव्हा तुम्ही सहा बायका त्याच्या तंबूपुढं जाऊन बसलात. दगड उचलला नाही, शिवी दिली नाही, नुसत्या बसलात. दिवस मावळायला पोलिसांची गाडी आली आणि तुम्हाला तालुक्याच्या चौकीत घेऊन गेली. दोन रात्री ठेवलं. परत आलीस ती चालत नाही, कुणाच्या तरी बैलगाडीत आडवी पडून. तळपाय असे सुजले होते की धाकटीनं ते बघून आधी तुझ्याकडं यायचंच नाकारलं.

त्यानंतरचे दिवस मला चुलीपुढचेच आठवतात. तुला बसवत नव्हतं, म्हणून तू भिंतीकडेला पडून मला सांगतेस आणि मी सरकारी लाल जोंधळ्याचं पीठ मळतोय. त्या पिठाला चिकटपणा नाही, भाकरी थापली की फाटते. "पाणी कढत हाय का?" तू विचारतेस. मी व्हय म्हणतो, आणि ते कढत नसतं. भाकरी तव्यावर पडते आणि तिचे तीन तुकडे होतात. तू मान वळवून बघतेस आणि म्हणतेस, "भाकरी केलीस का सातारा जिल्ह्याचा नकाशा काढलास रं?" धाकटी हसते. तू पण हसतेस, आणि हसता हसता कमरेला हात लावून एकदम गप्प होतेस.

हवालदारतात्या आला तो त्याच दिवसांत. खालच्या आळीचा, पलटणीतनं पेन्शनीत आलेला, मिशा अजून परेडीला निघाल्यासारख्या. तो कामावरच्या माणसांच्या जबान्या लिहून घेत गावोगाव हिंडत होता. कुणाला मारलं, कुणाची मजुरी खाल्ली, कुणा बाईला तंबूत बोलावलं, सगळं. लोक म्हणायचे ह्याला उद्योग नाही. तो म्हणायचा, "आज लिवून न्हाई ठेवलं तर उद्या म्हणतील असं काय झालंच न्हवतं." त्याची एक रीत होती. ज्याच्यावर बेतलं त्याच्याच तोंडचं लिहायचं, दुसऱ्यानं मधे बोललेला शब्द कागदावर घ्यायचा नाही. दारातल्या पोत्यावर बसून त्यानं मांडीवर फळी घेतली आणि तुला म्हणाला, "सांग बाई. घाई न्हाई."

तू सांगितलंस, आणि मी चुलीपाशी बसून ऐकलं. चौकीत त्यांनी एकेकीचं नाव लिहायला घेतलं. तुला विचारलं, तुझं नाव सांगितलंस. मग विचारलं, नवऱ्याचं नाव? तू गप्प. जमादाराला वाटलं बाई मुजोर आहे. त्यानं तळपायावर काठी मारली आणि परत विचारलं. तू परत गप्प. "दर खेपंला इचारायचा," तू म्हणालीस, "आन दर खेपंला मी खाली बघायची." शेवटी कमरेत लाथ बसली. तात्याची लेखणी थांबली. तो म्हणाला, "अगं, सांगून मोकळं व्हायचं की." तू म्हणालीस, "मार खाऊन घ्यायचं नाव हाय व्हय ते, तात्या?"

आणि मग तेच परत आपल्या घरात झालं. जबानीच्या वरच्या ओळीत तुझं पुरतं नाव लागणार होतं. तात्यानं विचारलं, "मालकाचं नाव?" तू पदर ओढलास. मी म्हटलं, घे की आये, इथं कोण परकं आहे? तू म्हणालीस, "लग्नात घेतलंय एकदा उखाण्यात. एका जल्माला तेवढं बास." मी चिडून आबाचं नाव मोठ्यानं सांगितलं. तर तात्या माझ्याकडं न बघता म्हणाला, "जबानी तुझी न्हाई, तिची हाय." त्याला तुझ्यावर जोर करायचा नव्हता, चौकीतल्यासारखं. म्हणून त्यानं माझ्याकडं हात करून विचारलं, "ह्यो थोरला न्हवं?" आणि अर्धं नाव लिहायचं नाही म्हणून लिहिलं, थोरल्याची आई. बाकीच्या पाचजणींचंही तसंच झालं. कुणी बंड्याची आई, कुणी वरल्या वस्तीवरची धाकली सून. खाली तू अंगठा उठवलास आणि बोट केसांना पुसलंस.

दिवाळी यायच्या आत तू गेलीस. लघवीतनं रक्त जात होतं ते आबाला कळू दिलं नाहीस, मलाही शपथ घातलीस. मयतीच्या दप्तरात लिहायची वेळ आली तेव्हा चुलत्याला विचारलं, कशानं गेली? तो म्हणाला, तापानं. तसं लिहिलं. सरकारच्या घरी तू तापानं मेलीस, आये. दुसरं सांगणारा एकच कागद होता, आणि तो तात्याच्या काळ्या पत्र्याच्या पेटीत होता.

आणीबाणीत ती पेटी गेली. पोलीस आले, तात्याला घेऊन गेले आणि पेटीही. पंचनाम्यात लिहिलं, एक जुनी पेटी, आत रद्दी कागद. तात्या बाहेर आला तो दम्यानं वाकून आला, पण पहिला अर्ज त्यानं आल्याच्या दुसऱ्या दिवशी टाकला. कागद परत द्या. मग दुसरा, मग तिसरा. मला इकडं पत्रं यायची. मला अक्षर जोडून वाचावं लागतं, चौथीपातुर शिकलेला मी, एका पत्राला सगळी संध्याकाळ जायची. इथल्या आपल्याकडच्या पोरांकडनं वर्गणी गोळा करून मी पाठवत होतो. सांगलीचे एक वकील फी न घेता बघत होते. ते म्हणाले, मूळ कागद हातात आला तरच त्या जमादारावर चौकशी मागता येईल. मग बायकांनी बाजारच्या दिवशी तालुक्याला, पेटी ठेवली होती त्या कचेरीपुढच्या लिंबाखाली बसायला सुरुवात केली. तात्यानं पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, आमची जबानी आम्हाला द्या. पाच बायका आणि तो पुठ्ठा. शेंगावाला त्यांच्यापाशीच पाटी मांडायला लागला, म्हणाला, "गर्दी तुमी जमवा, धंदा मी करतो."

गेल्या उन्हाळ्यात मी सुट्टी काढून आलो तेव्हा मीही त्या लिंबाखाली बसलो. एका बाजारादिवशी कारकुनानं आत बोलावलं. गठ्ठा त्याच्यापुढं टेबलावर होता. मी तात्याचं अक्षर ओळखलं, आणि पुढं बघवेना. कारकून म्हणाला, वरनं हुकूम आलाय, ज्याचा कागद त्याला मिळेल. पण ह्याच्यावर नावं कुठायत? थोरल्याची आई म्हणजे कोण? तालुक्यात थोरले किती, त्यांच्या आया किती. चौकीच्या वहीत तर त्या रात्री कुणा बाईला आणल्याचंच नाही. तात्या खाली बघायला लागला. ज्या रीतीचा त्याला अभिमान होता तिनंच त्याला तिथं उघडं पाडलं.

तेव्हा पाचजणींतली खालच्या वस्तीची म्हातारी पुढं झाली. साठी उलटलेली, दात नाहीत. ती कारकुनाला म्हणाली, "लिव." आणि आपल्या नावापुढं नवऱ्याचं नाव घेतलं. उखाणा नाही, काही नाही, नुसतं नाव, त्याच्या बापाच्या नावासकट. तिचा म्हातारा दारात उभा होता, तो वळून भिंतीकडं बघायला लागला. मग दुसरी पुढं झाली. तिसरीला घाम फुटला होता, तिनं डोळे मिटून घेतलं. एकीचा नवरा मेलेला, तिनं घेतलं आणि तिथंच खाली बसली. म्हातारी तिला म्हणाली, "ऊठ गं. मेला तवा न्हाई बसलीस एवढी." पाचजणींना पाच कागद मिळाले. मला वाटलं तू आत्ता दारातनं आत येशील, आणि ह्यांचं बघून तू पण घेशील.

तुझ्या कागदाला नवरा पाहिजे म्हणाले. मी दुसऱ्या दिवशी आबाला घेऊन गेलो. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, तसाच. कारकुनानं विचारलं, "मयताचं नाव?" आबानं तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्याकडं बोट करून म्हणाला, "ह्याची आई." कारकून म्हणाला, ते इथं लिहिलंच आहे, नाव सांगा. मी म्हटलं, आबा, सांग की. कारकून वाईट माणूस नव्हता, त्यानं विचारलं, "घरात काय म्हणत होता तिला?" आबा म्हणाला, "ती आवं म्हणायची. मी अगं म्हणायचो." मागं रांगेत उभी असलेली माणसं हसली. मी आबाचा दंड धरून त्याला बाहेर ओढलं. तुझ्याशी भांडतो तसा एसटी स्टँडावर त्याच्याशी भांडलो. म्हटलं, तिनं तुझ्या नावापायी तळपाय फोडून घेतले आणि तुझ्याच्यानं तिचं नाव निघत नाही? तो काठी मांडीवर आडवी घेऊन खाली बसला. मग म्हणाला, "मला ठावं हाय रं. मी हितं असतो तर मीच तिला म्हणलो असतो, घे म्हणून. माझं आयकलं असतं तिनं." गाडी आली तरी तो उठला नाही.

कारकुनानं मुदत दिली, महिन्याच्या आत नवऱ्याचं आणि पोराचं प्रतिज्ञापत्र आणा. माझी सुट्टी संपली, मी भट्टीवर आलो. स्टँपचे पैसे जमवत होतो. त्या आधीच तात्याचं पत्र आलं. नवीन साहेब आला, त्यानं कचेरी साफ करायला काढली, आणि मुदत संपायच्या आत उरलेले कागद बेवारस म्हणून जाळले. तात्यानं लिहिलंय, मी बघायला गेलो होतो, मागच्या आवारात पाल्याची आणि कागदाची राख एकच झालेली. बेवारस, आये. पोरगा जिवंत, नवरा जिवंत, आणि तू बेवारस.

आता त्या पाचजणींनी ठरवलंय. चौकीत त्या तुझ्याशेजारीच होत्या, त्यांनी सगळं बघितलंय. सांगलीला वकिलांपुढं जाऊन त्या तुझी जबानी आपल्या तोंडानं देणार आहेत, आणि वरच्या ओळीत तुझं पुरतं नाव लागणार आहे, आबाच्या नावासकट. वकिलांनी स्पष्ट सांगितलंय, जुन्या कागदाची सर ह्याला येणार नाही, तुझा अंगठा काही परत येणार नाही. म्हातारी म्हणाली, "नगं येऊ दे. आमचं पाच हायत." आबाही जाणार आहे. तात्या लिहितो, तो मेंढरांमागं माळावर गेला की एकटाच तुझं नाव घेतो. एकदोघांनी ऐकलं. पहिल्यांदा त्यांना वाटलं एखादी मेंढी चुकली असेल.

वारस म्हणून मलाही तिथं उभं राहून तुझं नाव सांगावं लागणार. हे पत्र मी टपालात टाकणार नाही, ते तुला माहीत आहे, म्हणून एवढं लिहितो. काल दुकान बंद झाल्यावर मीही तुझं नाव घेऊन बघितलं. माझ्या तोंडातनंही आलं नाही, आये. मी जन्मात कधी घेतलेलंच नव्हतं. सात माणसांचं सांगलीचं जाण्यायेण्याचं भाडं आणि स्टँप मिळून उद्या तात्याच्या नावानं मनीऑर्डर करतोय, एकशे साठ रुपये.