जोडीनं सत्कार

मंगळवार, ६ जानेवारी २०२६

साहेब हो म्हणाले! मला वाटलं होतं, दोन वर्षं टोलवलं तसं याही वेळी टोलवतील. उदयसिंह साहेबांनी फाईल उघडलीसुद्धा नाही. म्हणाले, "त्रिशलाताई, क्रांतीच ना? मग करून टाका की." कारखाना सुरू होऊन एकोणीस वर्षं झाली, पहिल्यांदाच बाई सुपरवायझर. तपासणी लाईनवर तेवीस बायका आणि डोक्यावर कायम एक बाप्या — मला वीट आला होता त्याचा.

क्रांतीचं काम बघत राहावं असं आहे. कास्टिंगवर, म्हणजे ओतीव लोखंडी भागावर, छोटी हातोडी हलकीच मारते, कान देते आणि सांगते, "आत तडा हाय." मशीनवर तपासलं की तडा निघतोच. चार वर्षांत एकदाही चुकली नाही. नव्या पोरी तिच्याशेजारची जागा भांडून मागतात.

२४ तारखेला पुण्याची गिऱ्हाईक कंपनी बघायला येणार आहे. त्यांच्या तपासणीच्या यादीत एक प्रश्न असतो — कामगारांना इथं आपलेपणा वाटतो का? म्हटलं, त्याच दिवशी कुटुंब मेळावा घेऊ. आपली बाई कुठं काम करते ते घरच्यांना दिसेल. हळदीकुंकू आणि क्रांतीचा सत्कार. सत्कार जोडीनं करायचा, ही कल्पना झुंबरबाईंची. तिला साडी-नारळ, नवऱ्याला फेटा. झुंबरबाई लाईनवरच्या सगळ्यात जुन्या. खंडेनवमीची मशीनपूजा असो नाहीतर हळदीकुंकू, पुढं त्याच असतात. मला कल्पना इतकी आवडली की फेटेवाल्याला फोनसुद्धा करून टाकला.

शुक्रवार, ९ जानेवारी

क्रांतीला केबिनमध्ये बोलावून सांगितलं. आधी हसली, अगदी तोंडभर. मग मी जोडीचं आणि फेट्याचं सांगितलं. हसू गेलंच.

"मॅडम, मला सुपरवायझर नगं."

 का म्हणून विचारलं तर म्हणे, "घरात इचाराय लागंल." नवरा चाकणला कंपनीत असतो, एवढं आम्हा सगळ्यांना माहीत आहे. म्हटलं, नंबर द्या, मीच बोलते त्यांच्याशी. "त्ये शिफ्टला असत्यात." शिफ्ट कधी सुटते? ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी.

नवराच आडवा येत असणार! बायको वर चढली की यांच्या पोटात दुखतं. राग तिचाही आला. साहेबांपुढं मी हिच्यासाठी दोन वर्षं घसा कोरडा केला, आणि ही नगं म्हणते.

सोमवार, १२ जानेवारी

कँटीनबाहेर फलक लावला — 'आमचं कुटुंब'. प्रत्येकीनं नवऱ्या-मुलांसोबतचा एक फोटो आणायचा. खाली नावाची पट्टी मी स्वतः लिहिली. बावीस फोटो आले. क्रांतीच्या पट्टीवर जागा मोकळी.

जेवणाच्या सुट्टीत झुंबरबाई म्हणाल्या, "काय गं, नवरा एवढा देखणा हाय व्हय, लपवून ठेवतीस त्येला?" सगळ्या हसल्या. मीही हसले. क्रांतीनं डबा तसाच बंद केला आणि कामाला गेली. पोरीला चेष्टा सोसत नाही, असं मी आपलं मनात म्हटलं.

मंगळवार, १३ जानेवारी

क्रांती आली नाही. फोन बंद. चार वर्षांत न सांगता घेतलेली ही पहिली रजा.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. सगळ्यांना तिळगूळ दिला. क्रांती आजही नाही. तिच्या वाटणीचा तिळगूळ ड्रॉवरमध्ये ठेवलाय.

शुक्रवार, १६ जानेवारी

 लिहायलाच पाहिजे, नाहीतर डोकं फुटेल.

अकराच्या सुमाराला क्रांतीची सासू आली. मलकापूरकडची म्हातारी, काष्ट्याचं नऊवारी, हातात घडी घातलेला कागद. क्रांतीचा राजीनामा. मी तो वाचलाही नाही. ताडकन म्हटलं, "तुमच्या मुलाला पाठवा. बायकोचं भलं होतंय ते बघवत नाही का त्याला?"

म्हातारी खुर्चीवर टेकली. मग शांतपणे म्हणाली, "लेक माझा आठ वर्सांमागं गेला, बाई. ट्रॅक्टर उलटला."

 मी मूर्खासारखं विचारलं, "मग चाकणला कोण असतं?"

"कोन न्हाय."

पाणी दिलं. त्यांनी हळूहळू सांगितलं. लेक गेल्यावर क्रांती इचलकरंजीला एका मागाच्या शेडात कापडाच्या घड्या घालायला जात होती. गळा मोकळा. तिथला मुकादम सुट्टी झाल्यावर हिलाच थांबवून घ्यायचा. आणि सोबतच्या बायका? त्यांनी नव्या मागाच्या पूजेला हिला बाजूला उभं केलं. मुकादमानं छळलं त्यापेक्षा हे हिला जास्त लागलं म्हणे. "मग मीच म्हटलं तिला, कोल्लापुरात कोन वळखतंय? घाल गळ्यात. लाव कुंकू. माझ्याच लेकाचं हाय न्हवं." फॉर्मवर नवऱ्याचं नाव लिहिलं, 'विवाहित'वर खूण केली, आणि झालं.

चार वर्षं! रोज सकाळी "काय क्रांती, चाकणकर काय म्हणतात?" असं मीच विचारायचे. आणि ती सांगायची, मॅडम, त्यांना सर्दी झालीया. सर्दी!  कामगार कल्याण अधिकारी म्हणून केबिनच्या दारावर पाटी आहे माझी.

राजीनामा ड्रॉवरमध्ये ठेवला. म्हातारी जाताना म्हणाली, "कुनाला बोलू नका, बाई." म्हटलं, शप्पत नाही बोलणार.

शनिवार, १७ जानेवारी

बोलले. एक दिवसही धीर धरवला नाही मला.

सकाळी फलकावरची क्रांतीची पट्टी काढत होते. ती मोकळी जागा बघवत नव्हती. तेवढ्यात झुंबरबाई मागं येऊन उभ्या. "का काढताय? फोटू आनला न्हाय म्हणून? मॅडम, तिचं काय तरी हाय बघा. नवऱ्यानं टाकली असणार. आमचं मालक म्हणतच हुतं—" आणखी चारजणी जमल्या. एकजण म्हणाली, दुसरंच कुणीतरी असेल. खीखी सुरू झाली. माझं डोकं सटकलं.

"अहो, वारलाय तिचा नवरा! आठ वर्षं झाली! बास करा आता!"

मोठ्यानं बोलले. कँटीनमधून माणसं बाहेर आली. मला माझाच आवाज ऐकू आला आणि जीभ चावली, पण आता काय उपयोग?

 मग झुंबरबाई, एरवी ज्यांचा आवाज गेटपर्यंत जातो त्या झुंबरबाई, अगदी हळू म्हणाल्या, "खंडेनवमीला मशिनीला कुंकू हिनंच लावलं की. ताट मीच दिलतं तिच्या हातात." आणि वळून निघून गेल्या. दिवसभर कुणाशी बोलल्या नाहीत. संताप असणार, दुसरं काय!

मी हे काय करून बसले?

सोमवार, १९ जानेवारी

क्रांतीच्या घरी गेले. उचगावात दोन खोल्या, दारात तुळस. गळा मोकळा होता तिचा. मला क्षणभर ओळखूच आली नाही. तिला सगळं कळलेलं होतं. शनिवारीच तिघींचे फोन आले होते.

मी माफी मागितली. तिनं चहा ठेवला आणि पाठमोरीच बोलत राहिली. जेवढं आठवतंय तेवढं लिहिते —

"मॅडम, ते सांगायचं का न्हाय, ते माझं मला ठरवायचं हुतं."

"चार वर्सं रोज एक नवरा तयार केला मी. त्याची शिफ्ट, त्याचा ताप, त्याला काय आवडतंय. कुणाला काय सांगितलं ते ध्यानात ठेवायचं. कास्टिंग तपासण्यापरास त्येच काम जड हुतं."

"तुमच्यात कुणी वंगाळ न्हवतं. सगळी चांगली हुती. म्हणूनच भ्या वाटायचं. ही माणसं गेली तर कुठनं आणू?"

आणि मग वळून, सरळ माझ्या डोळ्यांत बघून, "एक सांगा. तुमाला सुपरवायझर पायजे हुती का सवाष्ण?"

 मी कप खाली ठेवला. तिच्यासाठी म्हणून मी काय काय मांडलं — हळदीकुंकू, फोटो, फेटा. त्यातलं एक तरी तिला एकटीला आत येऊ देणारं होतं का? इतकी वर्षं हे माझ्या ध्यानात कसं आलं नाही? माझी स्वतःची चुलती जयसिंगपुरात प्रत्येक हळदीकुंकवाला स्वयंपाकघरात बसायची. मीच तिला आत वाण नेऊन द्यायचे, आणि त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं.

उठताना एवढंच म्हटलं, "सुपरवायझर पाहिजे. राजीनामा मी पुढं पाठवलेला नाही." 

मंगळवार, २० जानेवारी

फलक काढला. फेटेवाल्याला नको म्हणून कळवलं. साहेबांकडं जाऊन सगळं सांगितलं, माझ्या तोंडानं काय घोटाळा केला त्यासकट. वाटलं, झापतील. त्यांनी समोरची फाईल बाजूला सारली. मग म्हणाले, "पुण्याच्या लोकांना मग दाखवायचं काय?" म्हटलं, काम दाखवू. "ती परत आली तर." शनिवारपर्यंत जागा मोकळी ठेवायचं त्यांनी कबूल केलंय.

दुपारी तेवीसमधल्या बावीसजणींना एकत्र बसवलं. दुसरीचं गुपित मी चव्हाट्यावर आणलं, हे माझं चुकलं, असं सरळ सांगितलं. हात जोडले. दोघी-तिघी रडल्या. झुंबरबाईंनी मान वर केली नाही.

मग नवे माहितीचे फॉर्म वाटले. 'पतीचे नाव' हा रकानाच नाही. तिथं लिहिलंय, 'अडचणीच्या वेळी कुणाला बोलवायचं?' आई, बहीण, शेजारीण, कुणीही चालेल. जुन्या फॉर्ममध्ये काही बदलायचं असेल तर तेही लिहा. पाकीट चिकटवून द्या, मी एकटीच उघडणार. लिहिता येत नाही त्यांनी घरी कुणाकडून लिहून आणायचं. हे ऐकताना माझ्यावर कितीजणींचा विश्वास बसला असेल, देव जाणे. क्रांतीचं पाकीट एकीच्या हाती तिच्या घरी पाठवलं.

शुक्रवार, २३ जानेवारी

क्रांतीचा मेसेज — "उद्या येतो. सत्कार नको."

शनिवार, २४ जानेवारी

आली. आठला पाच कमी असताना. टिकली होती, मंगळसूत्र नव्हतं. लाईनवरची हातोड्यांची टकटक थांबली.  वाटलं, आता कुणीतरी काहीतरी बोलणार आणि ही परत फिरणार.

कुणी बोललं नाही. चांगलंही नाही, वाईटही नाही. क्रांतीनं कामाची यादी वाचून दाखवली. दहाला पुण्याची माणसं आली. तिनं त्यांच्यासमोर एक कास्टिंग वाजवून बाजूला ठेवलं. त्यांनी ते कापून बघायला लावलं. आत केसाएवढा तडा. पुण्याचे साहेब तिला 'पुन्हा एकदा दाखवा' म्हणाले. तिनं दाखवलं. 

जेवायला मात्र ती एका टोकाला एकटी. मी डबा घेऊन उठणार, तेवढ्यात झुंबरबाई उठून तिच्यापुढं जाऊन बसल्या.  दोघींनी मुकाट्यानं भाकरी खाल्ली. ही माफी की नाराजी, मला काही उमगलं नाही.

सुटताना सगळ्यांनी पाकिटं आणून दिली. तेवीसच्या तेवीस.

रविवार, २५ जानेवारी

सकाळी पाकिटं उघडली. तेवीसपैकी सहाजणींनी जुनी माहिती बदललीय. सहा! एक क्रांती. दोघींना नवऱ्यानं टाकलंय. तिघींचे नवरे वारलेत.

तिघींमधलं शेवटचं पाकीट झुंबरबाईंचं. अक्षर त्यांचंच, वेडंवाकडं — "मालक जाऊन अकरा वर्सं झाली. मॅडम ह्ये तरी कुनाला सांगू नका."