तपस्विनी आणि सोन्याचं मांजर

सोमवार, ९ फेब्रुवारी २००४

तपस्विनी आजारी! जिन्याखाली, मीटरच्या पेटीपाशी मुटकुळं करून पडलीय. इमारतीतल्या या मांजरीला तपस्विनी हे नाव मी दिलेलं. शेवंती कोळीण चौक कोळीवाड्याहून मासळीची टोपली घेऊन आली की ही समोर डोळे मिटून बसते, आणि डोळे मिटल्या मिटल्याच बोंबील पळवते. इतरांच्या लेखी तिचं नाव ‘ए हट!’

गिरिजा म्हणाली, “डॉक्टरला दाखवू या का हो?” मी म्हटलं, “सौभाग्यवती, ज्या इमारतीत माणसाला कोणी पुसत नाही, तिथे मार्जाराला कोण पुसणार!” वाक्य झकास जमलं. मग बातमी लिहायला बसलो — जेसल पार्कातले दिवे, पुन्हा बंद.

मंगळवार, १०

एका प्राणिमित्र संस्थेला फोन केला. वार्ताहर असल्याचंही सांगितलं. “कुत्रा आहे का?” “मांजर.” “अच्छा...” त्यानंतर नुसतं संगीत वाजत राहिलं. मीही कर्तव्य संपलं असं समजून फोन ठेवला.

जेवताना गिरिजा रडवेली. “रविवारी बांगडा पळवला मेलीने. मी लाटणं फेकलं. कमरेत बसलं तिच्या. लाटणं खिडकीतून थेट गटारात!” मग हळूच — “ती गेली तर सोन्याचं मांजर करून काशीला द्यावं लागतं ना? तुमच्या शास्त्रात काय आहे?”

शास्त्रात नेमकं काय आहे ते मला आठवेना. चेहरा मात्र आठवत असल्यासारखा केला. म्हटलं, लागतंच! शिवाय ज्याने ज्याने तिला छळलं असेल त्या प्रत्येकाला वेगळं. वर्गणी काढून एकात भागत नाही.

बिचारीला तिथल्या तिथे पटलं. संस्कृत घेऊन एम.ए. झाल्याचा संसारात इतका उपयोग पहिल्यांदाच.

बुधवार, ११

नवं लाटणं आलं.

गुरुवार, १२

सकाळी दारात सेक्रेटरी गुणवंतभाई. दाढीचा साबण अर्ध्या गालावर. “साहेब, ते सोनावाला कायदा... खाली शेपटीवरून स्कूटर गेला असेल, तो भी?”

“शेपटी हे अंगच,” मी.

मागोमाग तिसऱ्या मजल्यावरच्या ममताबेन — “उकळता नव्हता हो, थोडासाच गरम पानी!” वॉचमन चंदन तर माझे पाय धरायला आला. “लात मारा नहीं साब, सिर्फ दिखाया था.”

गिरिजाने आपलं पाप घरोघर जाऊन सांगितलंय! माझ्या निवाड्यासकट. “आमचे हे संस्कृतवाले आहेत, खोटं कशाला सांगतील?”

ज्या गुणवंतभाईंनी टाकीच्या गळतीवर तीन मीटिंगा घेतल्या, त्यांनी स्वतः गाडी काढली. ममताबेननी टोपली दिली. शेवंती म्हणाली, “सरा. तुमच्या हाताला न्हाय यायची ती.” नाकाशी बोंबील धरला. तपस्विनीने डोळासुद्धा उघडला नाही. शेवंतीचा आवाज पडला. “बोंबील न्हाय घेत म्हंजी बाय लय आजारी हाय.”

मी तिला तशीच उचलून टोपलीत ठेवली. सोन्याचा संबंध नव्हता.

मीरा रोडच्या दवाखान्यात कंपाउंडरने विचारलं, “मालक कोण?” आम्ही सगळे भिंतीवरच्या अल्सेशियनकडे बघायला लागलो. गिरिजा म्हणाली, “लिहा — सोसायटी.” गुणवंतभाई सवयीने “ठराव पास करावा लाग—” म्हणाले आणि टोपलीकडे बघून पाकीट काढू लागले.

आत मी आणि गिरिजाच. डॉक्टर म्हणाले, “मार कुठेच नाही. बोका चावलाय, मानेत पू झालाय. अजून रेंगाळला असतात तर हातची गेली असती. इंजेक्शनं द्यावी लागतील, रोज आणा.”

“बाहेर हे नका बोलू हं डॉक्टर,” गिरिजा घाईने म्हणाली.

लाजली असावी, बिचारी.

रविवार, १५

तपस्विनीला रोज गाडी! मला पेपरच्या ऑफिसात जायला अजून बसच. ममताबेन धुतलेले टॉवेल पाठवतात. चंदन गेटपेक्षा मीटरच्या पेटीवर जास्त लक्ष ठेवतो.

मंगळवार, १७

बोंबील पळवला!! डोळे मिटून!

“आली गो बाय, रुलावर आली!” शेवंती एवढी हसली की तराजू हातातून सुटला. गुणवंतभाई म्हणाले, “बच गये.” मांजर की ते, खुलासा केला नाही.

गुरुवार, १९

चहाला साखर शोधताना पिठाचा डबा सरकवला. मागे लाटणं. जुनं, मुठीला चरा गेलेलं. आमचंच. गटारात गेलेलं!

हातात घेऊन गिरिजासमोर उभा राहिलो. ती नव्या लाटण्याने पोळी लाटत होती. मान वर केली नाही.

“मी फेकलंच कुठे होतं?” म्हणाली. “नुसतं आजारी आहे म्हटल्यावर कोण उठलं असतं? सोमवारी तुम्ही उठलात?”