घरात घ्याल का?

पौष वद्य पंचमी, सायंकाळ

नात मुक्ता विद्यापीठात गुन्हेगारी न्याय शिकते. तिला परिवीक्षा अधिकारी व्हायचे आहे. सुटणाऱ्या कैद्याला घरचे स्वीकारतील का, हे या अधिकाऱ्यांनी घरोघरी जाऊन विचारायचे असते. आज सरावासाठी तिने मलाच बसवले.

"आजोबा, पुराण नका लावू, हो का नाय तेवढं सांगा. आपला माणूस सुटून आला तर घरात घ्याल?"

"घेईन." तिने रकाना भरला.

धाकटा भाऊ तुरुंगातून दारी आला, तेव्हा मी पोथीवरून उठलो नव्हतो. मुक्ताला हे ठाऊक नाही. तो रकाना खोटा आहे. लाज वाटावयास हवी. आत काहीच हलत नाही. असे का?

निघताना म्हणाली, "सगळेच पटकन हो म्हणतात, म्हणून शेजाऱ्यांनाही विचारावं लागतं."

उद्या ती शेजारच्या वहिनींकडे जाणार. त्या दिवशी भावाला पाणी त्यांनीच दिले होते.